बत्तिसावा कागद

कर्कटक बघितलं की मला अजून मळमळतं. नातवासाठी कंपासपेटी घ्यायला गेले तरी दुकानदाराला सांगते, उघडून दाखवू नका, तशीच कागदात बांधा. तो हसतो. हसू दे. कोणाला पालीची किळस असते, कोणाला झुरळाची. मला त्या टोकदार लोखंडी तुकड्याची आहे. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही हेही मला कळतं. दोष कोणाकोणाचा होता ते सांगायला बसले आहे, आणि त्या यादीत मी स्वतः बरीच वर आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. पनवेलच्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवत होते आणि नववीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका होते. नोकरीचं दुसरं वर्ष, कायम व्हायचं बाकी. वर्गात छप्पन्न मुलं. बाजारपेठेतल्या, वकील-डॉक्टरांच्या घरची मुलं पुढे बसायची, नेरे गावाकडून सायकल मारत येणारी मध्ये, आणि खाडीकाठच्या गावांतली मागे. असं कोणी बसवलं नव्हतं, आपोआप बसत. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. एखादा फारच ठेंगणा असला तर त्याला पुढे आणायचं, एवढाच माझा नियम.

तसा एक ठेंगणा होता. चौथीतला वाटावा एवढा. सगळे त्याला बारक्या म्हणत, मीसुद्धा म्हणे. वडील नव्हते, आई चार घरी स्वयंपाकाला जाई. तो पहिल्या बाकावर बसायचा आणि त्याच्या बरोबर मागे, दुसऱ्या बाकावर, वर्गाचा मॉनिटर.

या मॉनिटरचं काय वर्णन करू? पॉलिश केलेले बूट, पाण्यानं चापून बसवलेला भांग, मोत्यासारखं अक्षर. रस्त्यात भेटला तरी हात जोडून "नमस्कार बाई". माझ्या हातातल्या वह्या न सांगता घ्यायचा, खडू संपायच्या आत नवा आणून ठेवायचा. वडील शाळेच्या समितीवर होते, पण पोरानं कधी तो तोरा दाखवला नाही. असा एक मुलगा वर्गात असला की आपण फार चांगलं शिकवतो असं शिक्षकाला वाटायला लागतं. मलाही वाटायचं. आज त्या जोडलेल्या हातांची आठवण आली तरी तोंडाला कडू पाणी सुटतं.

आणि शेवटच्या बाकावर एक थोराड मुलगा होता. आवाज फुटलेला, खांदे बाप्या माणसासारखे. त्याची आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. सकाळी तिच्याबरोबर टेम्पोतून यायचं, पाट्या उतरवायच्या, बर्फ फोडायचा आणि मग शाळा. त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस उशीर. उशीर झाला की मी त्याला दारात उभा करी. त्याच्या सदऱ्याला मासळीचा वास यायचा, पुढच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. मी रुमाल लावत नसे, मी खिडकी उघडत असे. तेवढाच काय तो माझा मोठेपणा.

हा मुलगा मारायचा. त्यात काही लपवाछपवी नव्हती. मधल्या सुट्टीत कोणी नाकाला रुमाल लावून त्याच्यापुढून गेलं की याचा हात चालायचाच. शिक्षकखोलीत त्याचं नाव निघालं की सगळे माना हलवत. त्या माना हलवणाऱ्यांत आमचे कवायतीचे सर होते, जे शिट्टीच्या दोरीनं पोरांच्या पोटऱ्या फोडत, आणि गणिताच्या बाई होत्या, ज्या कानाची पाळी नखात धरून पिरगाळत. आम्ही चहात बिस्किटं बुडवत म्हणायचो, हल्लीची मुलं फार हिंसक झाली आहेत.

एका सकाळी मी फळ्यावर कवितेचा अर्थ लिहीत होते. तो मुलगा नेहमीसारखा दारात उभा होता. अचानक पाठीमागे फाडकन आवाज आला. वळून बघते तर हा दारातून आत येऊन मॉनिटरच्या थोबाडीत देऊन परत दारात जाऊन उभाही राहिला होता. जणू मला कळणारच नव्हतं. मॉनिटरच्या गोऱ्या गालावर चार बोटं उठली होती.

"का मारलंस?" मी ओरडले. विचारलं खरं, पण उत्तरासाठी थांबले नाही. लाकडी पट्टी घेतली आणि त्याच्या बोटांच्या पेरांवर दहा मारल्या. त्यानं हात मागे घेतला नाही. मारताना मध्येच त्यानं एकदा बारक्याकडे बघितलं. बारक्यानं मान खाली घातली. हे मी पाहिलं होतं, अगदी स्पष्ट पाहिलं होतं, आणि तरी मोजत राहिले, सात, आठ, नऊ.

"जाऊ द्या बाई," मॉनिटर गाल धरून म्हणाला, "मी माफ केलंय त्याला."

मला भरून आलं. खोटं नाही सांगत, भरून आलं. घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं, चांगल्या घरचे संस्कार वेगळेच.

त्याच वर्षी मी एम.एड. करत होते. प्रबंधाचा विषय मार्गदर्शकांनीच सुचवलेला होता: माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांचे व्यक्तिमत्त्व गुणधर्म आणि हिंसक वर्तन. मला तो विषय फार भारदस्त वाटला. एक छापील प्रश्नावली होती, चाळीस प्रश्नांची. प्रत्येकापुढे हो आणि नाही, एकावर खूण करायची. तुम्हाला लवकर राग येतो का? तुम्ही एखाद्या वर्गमित्राला मुद्दाम इजा केली आहे का? मारामारी केल्यावर बरं वाटतं का? असलं सगळं. शेवटी दोन मोकळ्या ओळी होत्या, आणखी काही सांगायचं असल्यास लिहा म्हणून. त्या ओळींना गुण नाहीत, मार्गदर्शकांनी बजावलं होतं. त्या नुसत्या मुलांना मोकळं वाटावं म्हणून.

प्रश्नावली मी माझ्याच वर्गाला दिली. टेबलापुढे उभी राहून म्हणाले, "कागदावर नाव घालायचं नाही. ही परीक्षा नाही. कोणी काय लिहिलं ते कोणालाच कळणार नाही, मलासुद्धा नाही. फक्त एकच करा, खरं लिहा."

शेवटच्या बाकावरून हात वर आला. "बाई, अगदी खरा लिवाचा?"

"अगदी खरं," मी म्हणाले. "माझ्यावर विश्वास आहे ना?"

"हाय," तो म्हणाला.

अर्ध्या तासानं मी मॉनिटरला कागद गोळा करायला सांगितलं. इथे माझी चूक झाली, आणि ही चूक शाळामास्तरच करू जाणे. आमच्याकडे कागद गोळा करायचे म्हणजे हजेरी क्रमांकानं गोळा करायचे. चाचणी असो, सहामाही असो, वह्या असोत, एकापासून छप्पन्नपर्यंत ओळीनं लावलेला गठ्ठा टेबलावर यायला हवा, म्हणजे गुण नोंदवहीत चढवताना शोधाशोध होत नाही. पोरांच्या अंगात ते इतकं मुरलेलं की सांगावंही लागत नाही. मॉनिटरनं नेहमीसारखे क्रमानं कागद घेतले, चारी कडा ठोकून सारख्या केल्या आणि गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मीही नेहमीसारखी "शाबास" म्हणाले. नावं नव्हती, पण सगळी मुलं त्या गठ्ठ्यात आपापल्या जागी बसलेली होती, आणि ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

गुण मी शाळेतच, मोकळ्या तासांना काढले. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर लाल पेन्सिलीनं आकडा लिहिला. बहुतेकांचे दहा, बारा, पंधरा. एकाला शून्य होतं, चाळीसच्या चाळीस उत्तरं साधुसंतांची, खाली मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं, "मला कधीच राग येत नाही." आणि एकाला छत्तीस. त्या कागदावर मी आकड्यापुढे "अति आक्रमक" असंही लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मोकळ्या ओळींत त्यानं बरंच काही खरडलेलं होतं, गिचमिड, खाडाखोड केलेलं. त्याला गुण नव्हते म्हणून मी ते वाचलं नाही. उलट खूश झाले. प्रबंधाला असा एक तरी नमुना लागतोच. शिक्षकखोलीत मी तो आकडा सगळ्यांना सांगितला, मुख्याध्यापकांनाही. गठ्ठा तिथल्याच कपाटात ठेवला.

महिनाभरानं, मार्चच्या उन्हात, कवायतीच्या तासाला बारक्या मैदानावर कोसळला. त्याला उचलून व्हरांड्यात आणलं. वारा लागावा म्हणून कवायतीच्या सरांनी त्याचा सदरा वर केला आणि सर स्वतःच दोन पावलं मागे सरले.

पाठभर, मानेखालपासून कमरेपर्यंत निळे ठिपके होते. पन्नास असतील, साठ असतील. कर्कटकाचं टोक शाईत बुडवून टोचलेलं. काही जुने, कातडीखाली गोंदल्यासारखे बसलेले. काही ताजे, खपली धरलेले. सात-आठ मात्र चिघळून फुगले होते, त्यांतून पिवळं येत होतं आणि बनियन त्यांना चिकटलं होतं. शाई, घाम आणि पू यांचा मिळून एक वास होता. मी तोंडावर पदर धरला आणि मग मला आठवलं, याच्या सदऱ्यावर मागे निळे डाग असायचे. मी त्याला भर वर्गात रागावले होते, "पेन गळतं का तुझं? आईला किती धुवायला लावशील?" तो म्हणाला होता, "हो बाई, गळतं." मागची मुलं हसली होती. मॉनिटरही हसला होता, तोंडावर हात धरून, सभ्यपणे.

टिंक्चर लावून बारक्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं. मॉनिटरला बोलावलं, कारण वर्गातलं त्याला सगळं माहीत असतं. मुख्याध्यापक सरांनी बारक्याला विचारलं, "कोण टोचतं?" बारक्या फरशीकडे बघत राहिला. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. नाहीच.

मग मॉनिटरनं हात जोडले. "सर, मला कोणाचं नाव घ्यायचं नाही. पण बाईंनी सगळ्यांची परीक्षा घेतली आहे ना, कोण कशा स्वभावाचं आहे ती. त्यात दिसेल. कागद मीच गोळा केले होते, क्रमानं लावलेत."

"आणा बाई तो गठ्ठा," सर म्हणाले.

"सर, त्यावर नावं नाहीत. मी मुलांना शब्द दिलाय."

"क्रम आहे ना? आणा."

मी आणला. प्रश्नावली दिली त्या दिवसाची हजेरीही मागवली. आमचे मुख्याध्यापक सतत बडीशेप चघळत आणि पान उलटायचं झालं की बोट जिभेला लावत. त्या दिवशीही त्यांनी बोट ओलं केलं आणि एकेक कागद मोजायला घेतला. मुलांनी मला विश्वासानं लिहून दिलेले कागद, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यावर त्यांच्या थुंकीचा डाग. मासळीवालीच्या मुलाचा हजेरी क्रमांक चौतीस. त्याच्या आधीचे दोघं त्या दिवशी गैरहजर. म्हणजे बत्तिसावा कागद. सरांनी तो ओढून काढला. वर माझ्याच अक्षरात छत्तीस, अति आक्रमक, आणि दोन रेघा.

त्याला बोलावून आणलं.

"हे तू लिहिलंस?"

त्यानं कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "हो. मीच लिवला."

"वर्गमित्राला मुद्दाम इजा केली आहे, हो. मारामारी केल्यावर बरं वाटतं, हो. हे खरं?"

"खरा हाय. बाई बोलल्या खरा लिवा."

"मग याला टोचणाराही तूच."

"नाय सर. मी हानतो. टोचला नाय कधी."

सर हसले. खोलीत कवायतीचे सर होते, तेही हसले. "मारतो पण टोचत नाही म्हणे. मग कोण टोचतं? सांग."

तो बारक्याकडे वळला. बारक्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि नुसते डोळे मोठे केले. गयावया करणारे डोळे कसे असतात ते मला तेव्हा कळलं. थोराड मुलगा सरांकडे वळला आणि म्हणाला, "मना नाय म्हाईत."

झालं. सरांनी ठरवून टाकलं. समितीला कळवायचं, मुलाला काढायचं, वार्षिक परीक्षेलाही बसू द्यायचं नाही. मॉनिटरनं जाताना मला वाकून नमस्कार केला.

त्या संध्याकाळी मी गठ्ठा घरी नेला. कशासाठी नेला ते आता नेमकं सांगता येत नाही. बहुधा आता तो तिथे ठेवायची लाज वाटली. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून मी बत्तिसाव्या कागदावरच्या मोकळ्या ओळी वाचल्या. त्यानं लिहिलं होतं: "मी एकाला थोबडावला ते लिवलंय. तो मॉनिटर बारक्याला रोज करकटकान टोचतो. शाईत बुडवून. मी दारात उभा असतो तवा मना दिसतं. बाई फल्याकडं तोंड करून असतात. बारक्या बोल्तो सांगू नको, त्याची आई मॉनिटरच्या घरान जेवन करते, काम जाईल. बाई बोलल्या कोनाला कलनार नाय म्हनून लिवतो. बाई तुमी बघा."

बाई तुमी बघा. महिनाभर ते माझ्याकडे होतं. मी त्याच्या डोक्यावर आकडा घातला होता.

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेआधी मुख्याध्यापकांकडे गेले आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला. मग चष्मा काढून शांतपणे पुसला.

"यावर नाव कुठे आहे बाई?"

मला आधी समजेचना. "सर, काल तुम्हीच मोजून काढलात. बत्तिसावा."

"मोजण्याचं काय, एखादा कागद मागेपुढे झालेला असू शकतो. बिनानावाचा कागद. उद्या कोणीही कोणाबद्दल काहीही लिहील. असल्या कागदावर विसंबून मी समितीच्या सभासदाच्या मुलावर आरोप करू?"

"पण काल याच कागदावर..."

"काल त्या मुलानं तोंडानं कबूल केलं. मी मारतो म्हणाला. हा करेल का कबूल? विचारू बोलावून?" त्यांनी बडीशेपेची डबी उघडली, माझ्यापुढेही धरली. "बाई, पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करण्याचा विषय समितीपुढे आहे. शाळेत संशोधन करायला परवानगी मी दिली, त्याचं पत्रही तुम्हाला लागेल. जरा विचार करा. तो मुलगा तसाही दहावी करणार आहे का?"

मी बडीशेप घेतली. हातात धरून बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या कुंडीत टाकली. एवढाच माझा निषेध.

मधल्या सुट्टीत बारक्याला बाजूला घेतलं. तो रडायलाच लागला. "बाई, काही बोलू नका ना. आईचं काम जाईल." मग पुढची कैक वर्षं मी स्वतःला समजावत आले की मी त्याच्यासाठी गप्प बसले. हे धादांत खोटं आहे. मी नोकरीसाठी गप्प बसले, आणि प्रबंधासाठी. बारक्याला दुसऱ्या तुकडीत हलवण्यापुरती माझी हिंमत चालली, तेवढं मी केलं. मॉनिटर त्याच बाकावर बसत राहिला, आणि त्याच्यापुढे दुसरं कोणीतरी बसलं. मी मात्र त्यानंतर कधी वर्गाकडे पूर्ण पाठ करून लिहिलं नाही. तिरकी उभी राहून लिहायची सवय लागली, अक्षर बिघडलं.

प्रबंध झाला. प्रथम श्रेणी मिळाली. रेक्झिनच्या कव्हरात बांधलेला तो माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. पाचव्या प्रकरणात "विद्यार्थी क्रमांक बत्तीस" याच्या आक्रमक वृत्तीवर चार पानं आहेत, घरची परिस्थिती, परिसराचा परिणाम, आईचा व्यवसाय, सगळं व्यवस्थित मांडलेलं. शून्य गुणांचा मुलगा "समतोल व्यक्तिमत्त्व" म्हणून आला आहे. मोकळ्या ओळींचा उल्लेख नाही. मार्गदर्शकांनी त्या प्रकरणाचं विशेष कौतुक केलं. मला त्या पानांचा वास येतो, टिंक्चरचा. नुसती कल्पना असणार, पण येतो.

पण मघाशी ज्या सहीबद्दल सांगायला बसले ती अजून राहिली. नाही, सहीचं नाव मी अजून काढलंच नाही वाटतं. मुद्दामच टाळत होते.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, वर्तणूक. त्यात कारकून डोळे मिटून "चांगली" लिहितो. हजार दाखल्यांत नऊशे नव्याण्णवांवर तेच. तो रकाना कोणी वाचत नाही, पण तिथे दुसरा शब्द असला की मात्र तेवढाच वाचतात. तो मुलगा दुसऱ्या शाळेत जाऊन दहावी करणार की नाही, हे आता त्या एका शब्दावर होतं. मी सरांना म्हटलं, निदान तिथे "चांगली" लिहू या, त्याला कुठेतरी प्रवेश मिळेल. सर म्हणाले, मग काढलं कशाला म्हणून आपल्यालाच विचारतील. त्यांनी कारकुनाला सांगून लिहवून घेतलं: असमाधानकारक, हिंसक. खाली तीन सह्या लागतात. वर्गशिक्षक, कारकून, मुख्याध्यापक. पहिली माझी. कारकुनानं दाखला पुढे सरकवला, मी पेन उघडलं आणि सही केली. नेहमीसारखी, खाली रेघ ओढून. त्यानंतर हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत बसले.

दुपारी त्याची आई आली. बाजार आटपून तशीच आली होती, रिकाम्या पाट्या फाटकाशी ठेवून. काष्ट्याचं लुगडं, कपाळभर कुंकू, मागे तो उभा. कारकुनानं दाखला खिडकीतूनच दिला. तिनं आधी हात पदराला खसाखसा पुसले, मग तो दोन्ही हातांनी घेतला. उलटासुलटा बघितला. तेवढ्यात तिला मी व्हरांड्यात दिसले.

"बाई, तुमीच कं याच्या? जरा बगा ना या कागदान काय लिवलंय. मना वाचता येत नाय. आनि हा सांगत नाय. घरा बोलतो सालेतून काढला, का काढला त्ये बोलत नाय."

मी दाखला हातात घेतला. नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, इयत्ता वाचली. त्या रकान्यापाशी आले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पोटच्या पोराचं काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून बाई बघते तशी. माझ्याच्यानं झालं नाही.

"वर्तणूक," मी वाचलं, "चांगली."

"चांगली लिवलंय?"

"हो. चांगली."

तिचा चेहरा एकदम सैल पडला. वळून तिनं पोराच्या दंडावर चापट मारली. "आयकलास कं? बाई बोलल्या चांगली. आनि मी चार दिस जेवले नाय तुज्या पायी." मग कमरेची पिशवी सोडून तिनं वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी काढली, सुक्या कोळंबीच्या सोड्यांची, आणि माझ्या हातात कोंबली. "घ्या बाई. माज्या पोराला शिकवलाव."

मी ती घेतली.

त्याला वाचता येत होतं. वाचायला मीच शिकवत होते. तो पुढे आला, माझ्या हातातून दाखला घेतला आणि त्या रकान्यावर नजर ठेवून उभा राहिला. आता हा बोलणार. बारक्यासाठी मारलेली ती एक थाप सोडली तर याला फक्त खरं बोलता येतं, हे मला आता पुरतं माहीत होतं. त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. लहान मुलानं काहीतरी सांडून ठेवल्यावर मोठं माणूस बघतं तसा तो बघत होता.

"आये, चल," तो म्हणाला. "बाईंनी बराबर वाचलाय."

मग त्यानं दाखल्याची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पाट्या उचलायला आईच्या आधी फाटकाकडे गेला.